ऑपरेटर आपले फोन पळवते या संशयातून जन्माला आला 'स्विच' : अल्मन स्ट्रोजरची गोष्ट

अंधेरीच्या एमआयडीसीतलं कुठलंही ऑफिस घ्या. सकाळी साडेदहाची वेळ, क्लायंटसोबत व्हिडिओ मीटिंग सुरू आहे आणि अचानक समोरच्याचा चेहरा गोठतो. "नेट गेलं, नेट गेलं" असा गलका होतो. मग आयटीवाला पोरगा उठतो, कोपऱ्यातल्या थंडगार खोलीत जातो आणि एका लोखंडी कपाटासमोर उभा राहतो. त्या कपाटात एक चपटा डबा असतो. त्याला २४ किंवा ४८ खाचा, प्रत्येक खाचेत एक केबल आणि प्रत्येक केबलपाशी लुकलुकणारा हिरवा दिवा.

या डब्याला म्हणतात नेटवर्क स्विच. तुमचा कॉम्प्युटर, साहेबांच्या केबिनमधला फोन, प्रिंटर, वायफायचा डबा, दारावरचा कॅमेरा या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारा हा नाका. कोणाचा निरोप कोणाकडे जायचा, हे तो ठरवतो.

पण हे काम एकेकाळी माणसं करत होती. नेमकं सांगायचं तर तरुण मुली करत होत्या. त्यांच्या हातातून ते काम काढून यंत्राकडे देणारा माणूस ना शास्त्रज्ञ होता ना इंजिनियर. तो अंडरटेकर होता.

अंडरटेकर म्हटल्यावर आपल्या पिढीला काळी टोपी घातलेला पैलवान आठवतो. पण हा खराखुरा अंडरटेकर, म्हणजे शवपेटीपासून दफनापर्यंत सगळी व्यवस्था करून देणारा धंदेवाईक. नाव अल्मन ब्राउन स्ट्रोजर.

कामाचा कंटाळा असलेली पोरं

स्ट्रोजरचा जन्म १८३९ चा. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराजवळ पेनफिल्ड नावाचं गाव आहे, तिथला. घरच्यांबद्दल एक गंमत सांगतात. आईने पोरांना काही काम सांगितलं की अल्मन आणि त्याचे भाऊ आधी ते काम करायचे नाहीत. ते काम आपोआप करणारं यंत्र कसं बनवता येईल यावर डोकं चालवायचे. आपल्याकडे अशा पोरांना आळशी म्हणतात. पण पुढे जे घडलं ते पाहता ही सवय कामी आली म्हणायची.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ऐन विशीत असलेला स्ट्रोजर उत्तरेच्या बाजूने घोडदळात लढला. युद्ध संपल्यावर तो पश्चिमेकडे सरकत गेला. काही काळ शाळामास्तर म्हणून काम केलं. शेवटी कॅन्सस राज्यातल्या टोपेकामध्ये आणि नंतर मिझुरीतल्या कॅन्सस सिटीमध्ये त्याने अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा धंदा मांडला.

हा धंदा कसा असतो बघा. गिऱ्हाईक रोज येत नाही आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. घरात कोणी गेलं की नातेवाईक एकदाच फोन करणार. तो फोन ज्याच्याकडे लागला, काम त्याचं. एक फोन चुकला म्हणजे एक काम गेलं.

"हॅलो, नंबर सांगा"

१८७६ मध्ये ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहरांमध्ये टेलिफोन एक्स्चेंज उभी राहिली. पण त्या फोनला डायल नव्हती, बटणं नव्हती. फोनचं हँडल फिरवलं की एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरच्या समोर खूण व्हायची. ती विचारणार कोण हवंय, तुम्ही सांगणार, आणि ती समोरच्या फळीवरच्या भोकात दोरीची पिन खुपसून दोघांची लाइन जोडून देणार.

सुरुवातीला हे काम पोरगे करायचे. पण ते गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलायचे, मध्येच मस्करी करायचे. म्हणून कंपन्यांनी मुली नेमायला सुरुवात केली. १८७८ मध्ये बोस्टनला एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामावर रुजू झाली आणि काही वर्षांतच ऑपरेटर म्हणजे मुलगीच, असं समीकरण बनलं.

म्हणजे गावातला प्रत्येक फोन एका माणसाच्या हातातून जात होता. कोण कोणाला फोन करतंय हे तिला माहीत, बोलणं ऐकायचं ठरवलं तर तेही तिला शक्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन कुणाकडे जोडायचा हे तिच्या हातात.

इथे आपल्या अंडरटेकरची झोप उडाली. स्ट्रोजरच्या लक्षात आलं की आपल्याला फोन कमी येतायत. लोक सांगायचे की तुमची लाइन लागली नाही, बिझी होती. त्याचा संशय गेला ऑपरेटरवर.

सर्वात जास्त सांगितली जाणारी कथा अशी की त्याच्या प्रतिस्पर्धी अंडरटेकरची बायकोच एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायची. दुसऱ्या कथेत त्याचा एक मित्र वारला आणि त्याचे अंत्यविधी भलत्याच अंडरटेकरकडे गेले, हे वर्तमानपत्रात वाचून त्याचा पारा चढला. कोणती कथा खरी, याचा पुरावा सापडत नाही. स्ट्रोजर एक्स्चेंजकडे सतत तक्रारी करत होता, एवढं मात्र सगळ्या कथांमध्ये सारखं आहे.

आणि एक तिसरी कथाही आहे. ती टेलिफोन कंपनीच्या बाजूची. तिच्यानुसार कंपनीचा माणूस तक्रार बघायला आला, तेव्हा भिंतीवर टांगलेली धातूची पाटी वाऱ्याने हलून तारेला टेकत होती आणि लाइन शॉर्ट होत होती. पाटी हलवली, फोन सुरळीत झाला. म्हणजे ही कथा खरी असेल तर ऑपरेटर बिचारी निर्दोष होती! ज्या संशयावरून जगाचं टेलिफोन बदललं, तो संशयच चुकीचा असण्याची शक्यता आहे.

नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ही तिसरी कथा वाचून हसू येईल. कारण आजही "सर्व्हर डाउन आहे", "कंपनीने नेट बंद केलंय" असं म्हणत तासभर घालवल्यावर कळतं की साफसफाई करताना कुणाच्या तरी पायाने केबल निघाली होती.

कॉलरचा डबा आणि टाचण्या

पण स्ट्रोजर तिथे थांबला नाही. ऑपरेटर बदला, असं त्याने म्हटलं नाही. त्याने ठरवलं की ऑपरेटरच नको. लहानपणीची सवय पुन्हा जागी झाली.

सांगतात की त्याने शर्टाच्या कॉलर ठेवायचा गोल डबा घेतला. डब्याला ओळीने टाचण्या खोचल्या आणि मधोमध एक दांडा उभा केला. दांड्याला एक हात. हा हात वरखाली सरकतो आणि गोल फिरतो. प्रत्येक टाचणी म्हणजे एका गिऱ्हाइकाची लाइन. आता फोन करणाऱ्याने दुरून विजेचे झटके पाठवून तो हात नेमक्या टाचणीपर्यंत नेला की झालं काम. मध्ये माणूस नाही.

मार्च १८८९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ ला पेटंट मिळालं. पेटंट क्रमांक ४४७९१८. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजची कल्पना त्याच्या आधीही काही जणांनी मांडली होती, पेटंटही घेतली होती. पण धंद्यात उतरून प्रत्यक्ष चालली ती स्ट्रोजरचीच.

त्याच्या यंत्राचं पुढे जे पक्कं रूप झालं, ते समजून घेऊ. धातूच्या ठिपक्यांचे दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा ठिपके. एकूण शंभर. तुम्ही ४ फिरवला की चार झटके जातात आणि हात चार मजले वर चढतो. मग ७ फिरवला की सात झटके जातात आणि हात सात घरं बाजूला सरकतो. लागला ४७ नंबरचा फोन! शून्य फिरवला की दहा झटके. नंबर मोठा असेल तर एकामागे एक असे अनेक स्विच लावायचे. पहिला आकडा पहिला स्विच पकडतो, दुसरा आकडा पुढचा, असं करत करत शेवटच्या घरापर्यंत पोहोचायचं.

ज्यांनी घरी तो काळा, गोल डायलचा फोन वापरलाय त्यांना आठवेल. डायल सोडल्यावर ती परत फिरताना रिसीव्हरमध्ये टिक टिक टिक असा आवाज यायचा. तेच ते झटके.

ला पोर्ट, १८९२

नुसतं पेटंट खिशात असून एक्स्चेंज उभं राहत नाही. पैसा लागतो, कारागीर लागतात. स्ट्रोजरचा पुतण्या वॉल्टर, जोसेफ हॅरिस नावाचा धडपड्या विक्रेता आणि मोझेस मायर हा भांडवल आणणारा अशी मंडळी एकत्र आली. ऑक्टोबर १८९१ मध्ये शिकागोत स्ट्रोजर ऑटोमॅटिक टेलिफोन एक्स्चेंज कंपनी सुरू झाली.

३ नोव्हेंबर १८९२ ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात जगातलं पहिलं सार्वजनिक ऑटोमॅटिक एक्स्चेंज सुरू झालं. साधारण ७५ गिऱ्हाइकं, क्षमता ९९ ची. गोल डायल अजून आली नव्हती. फोनवर बटणं होती आणि नंबरातल्या आकड्याइतक्या वेळा ती दाबावी लागायची. मोजताना चूक झाली की भलत्याच घरी फोन! शिवाय प्रत्येक फोनला बऱ्याच तारा लागायच्या.

ही अडचण सोडवली ती कंपनीतल्याच दुसऱ्या लोकांनी. अलेक्झांडर कीथ आणि एरिक्सन बंधू यांनी १८९६ मध्ये बोट घालून फिरवायची डायल आणली. म्हणजे ज्या डायलमुळे हा फोन घराघरात ओळखीचा झाला, ती स्ट्रोजरची नाही. त्याची होती ती मूळ कल्पना. तिला टिकाऊ यंत्राचं रूप कामगार-कारागिरांनी दिलं. इतिहासात एकाचं नाव राहतं, पण काम अनेकांचं असतं.

ज्याने शोधलं, त्याला काय मिळालं?

आता या गोष्टीतला दुखरा भाग. १८९६ मध्ये स्ट्रोजरने आपली पेटंट १८०० डॉलरला विकून टाकली. १८९८ मध्ये कंपनीतला हिस्साही १०,००० डॉलरला विकला. एकूण ११,८०० डॉलर. तो फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला राहायला गेला. २६ मे १९०२ रोजी तो तिथेच वारला. तिथल्याच ग्रीनवूड दफनभूमीत त्याला पुरलं.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १९१६ मध्ये, त्याच पेटंटांचे हक्क बेल कंपनीच्या गटाने २५ लाख डॉलरला घेतले. म्हणजे स्ट्रोजरला मिळालेल्या रकमेच्या दोनशे पटींहून जास्त! ज्या बेलच्या एक्स्चेंजवर तो चिडला होता, शेवटी त्या बेललाच त्याचं यंत्र विकत घ्यावं लागलं. पण ते बघायला तो नव्हता. पुढे टेलिफोन क्षेत्रातल्या लोकांनी त्याच्या थडग्यावर स्मृतिफलक लावला.

स्ट्रोजर आपल्याकडे कसा आला?

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये, म्हणजे स्ट्रोजरच्या शोधाच्याही आधी. अर्थातच ऑपरेटरवालं. भारतातलं पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसलं, ७०० लाइनचं. साहेब लोक उन्हाळ्यात तिथे राहायचे, त्यामुळे सोय आधी तिथे झाली. १९४३ मध्ये बॉम्बे टेलिफोन कंपनी सरकारने ताब्यात घेतली. १९४८ मध्ये बेंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली आणि स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंज देशातच बनू लागली. पुढची कित्येक वर्षं भारतातले फोन याच खटखटणाऱ्या यंत्रांवर चालले.

आपल्या उपनगरांच्या फोन नंबरांमध्ये ही पद्धत आजही दिसते. मुलुंड-घाटकोपरचा लँडलाइन बहुतेक २५ ने सुरू होतो, बोरिवलीचा २८ ने. पुढचे आकडे एक्स्चेंज ठरवतात आणि शेवटचे चार आकडे तुमचं घर. म्हणजे प्रत्येक आकडा तुम्हाला एकेक नाका पुढे नेतो. यंत्रं कधीच बदलली, पण नंबर वाचायची ही रीत स्ट्रोजरच्या काळातलीच.

आणि बाहेरगावचा फोन? त्यासाठी आपल्याकडेही ऑपरेटर बराच काळ होती. ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल असे प्रकार होते. जास्त पैसे मोजले की तुमचा कॉल रांगेत पुढे. हे प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

टेलिफोनच्या स्विचपासून ऑफिसातल्या स्विचपर्यंत

स्ट्रोजरचा स्विच आणि तुमच्या ऑफिसातला नेटवर्क स्विच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी स्पष्ट करू. स्ट्रोजरचा स्विच दोन माणसांमध्ये तारांची एक सलग वाट तयार करायचा आणि बोलणं संपेपर्यंत ती वाट त्या दोघांचीच राहायची. मधे कुणी फोन केला तर लाइन बिझी. आजचा नेटवर्क स्विच अशी वाट अडवून ठेवत नाही. तुमच्या माहितीचे छोटे छोटे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. स्विच प्रत्येक तुकड्याचा पत्ता वाचून तो योग्य खाचेतून बाहेर काढतो. डबेवाला डब्यावरची खूण वाचून डबा पुढे देतो ना, तसं.

हा पत्ता म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. तुमच्या लॅपटॉपपासून प्रिंटरपर्यंत नेटवर्कला जोडायच्या प्रत्येक यंत्राला तो असतो. स्विच हुशार असा की तो हे पत्ते स्वतःच शिकतो. कोणत्या खाचेतून कोणत्या पत्त्याचा निरोप आला, याची वही तो मनात ठेवतो. अनोळखी पत्ता आला तर सगळ्या खाचांमधून हाक मारतो. ज्याचा पत्ता असेल तो उत्तर देतो आणि स्विच ते वहीत टिपून ठेवतो.

स्विच येण्याआधी ऑफिसांमध्ये हब असायचे. हबला असली अक्कल नसते. एकाचा निरोप तो सगळ्यांकडे पाठवतो. सोसायटीत एका घरचं पत्र सगळ्या बिऱ्हाडांना वाटल्यासारखं. गर्दीही होते आणि खासगीपणाही जातो. यावर तोडगा म्हणून १९९० च्या सुमारास अमेरिकेत सात खाचांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आला. तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना! हो, तुम्ही बरोबर वाचलंत. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज यांनी कंपनीला आपल्या पत्नीचं नाव दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

लोकलचे डबे आणि ऑफिसचं नेटवर्क

आता अंधेरीच्या त्या लोखंडी कपाटाकडे परत येऊ. घरी वापरतो तो पाच खाचांचा साधा स्विच फक्त जोडण्याचं काम करतो. ऑफिसात असतो तो मॅनेज्ड स्विच. त्याला आज्ञा देता येतात. त्याची मुख्य कामं चार.

पहिलं, वेगळे डबे करणं. लोकल एकच, रूळ एकच, पण लेडीज डबा वेगळा, फर्स्ट क्लास वेगळा. तसंच एकाच स्विचवर अकाउंट्सचे कॉम्प्युटर एका गटात, पाहुण्यांचं वायफाय दुसऱ्या गटात, कॅमेरे तिसऱ्या गटात ठेवता येतात. याला व्हीलॅन म्हणतात. बोरिवलीतल्या एखाद्या क्लासमध्ये विद्यार्थ्यांच्या वायफायवरून पेपर ठेवलेल्या कॉम्प्युटरपर्यंत कुणी पोहोचू नये, तर हेच करावं लागतं.

दुसरं, रांग लावणं. फोनवरचं बोलणं आणि व्हिडिओ मीटिंग थांबू शकत नाही, पण फाइल डाउनलोड दोन सेकंद थांबली तर बिघडत नाही. म्हणून स्विच आवाजाच्या तुकड्यांना आधी सोडतो. आठवला का लाइटनिंग कॉल? तेच तत्त्व. फरक इतकाच की इथे रांग पैशावर ठरत नाही, कामाच्या निकडीवर ठरते.

तिसरं, त्याच केबलमधून वीज देणं. घाटकोपरच्या सोसायटीत जिन्यावर कॅमेरा बसवताना प्रत्येक ठिकाणी वेगळा प्लग पॉइंट काढत नाहीत. पीओई स्विच असेल तर नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज मिळते. फक्त ही तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच नीट चालते, हे ध्यानात ठेवायचं.

चौथं, पहारा. कुठल्या खाचेला कोणतं यंत्र लागू शकतं हे ठरवून देता येतं. अनोळखी लॅपटॉप आणून कुणी केबल खुपसली तर ती खाच आपोआप बंद होते. आणि कुणी चुकून एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये लावली तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळं ऑफिस ठप्प होतं. तेही ओळखून एक वाट बंद करायची युक्ती चांगल्या स्विचमध्ये असते. ती युक्ती १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ बाईंनी शोधली.

मग ऑपरेटर गेली कुठे?

इथे स्ट्रोजरची गोष्ट पुन्हा आपल्या दारात येते. त्याला असा नाका हवा होता की जो कुणाची बाजू घेणार नाही. झटके मोजायचे, हात फिरवायचा, लाइन जोडायची. यंत्राला ना नवरा, ना मेव्हणा, ना शेजारी. आणि त्याचं यंत्र तसंच होतं. त्याला बाजू घेताच येत नव्हती.

पण मॅनेज्ड स्विचला आज्ञा देता येतात, असं आपण आत्ताच म्हटलं. आज्ञा कोण देतं? माणूस. कोणाचं ट्रॅफिक आधी, कोणाचं नंतर, कोणाची खाच बंद, हे तो ठरवतो. इतकंच नाही. बिघाड शोधण्यासाठी स्विचमध्ये एक सोय असते. एका खाचेतून जाणाऱ्या सगळ्या निरोपांची नक्कल दुसऱ्या खाचेवर पाठवता येते. याला पोर्ट मिररिंग म्हणतात. इंजिनियरसाठी ही फार उपयोगी गोष्ट आहे. पण चुकीच्या हातात पडली तर? मग ती एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली ऑपरेटरच झाली. बँकेच्या साइटसारखं कुलूपबंद ट्रॅफिक तिला वाचता येत नाही, पण कोण कुणाशी किती वेळ बोलतंय हे दिसतंच.

म्हणजे स्ट्रोजरने खुर्चीवरून माणसाला उठवलं आणि सव्वाशे वर्षांत आपण दुसरा माणूस पुन्हा त्याच खुर्चीवर बसवला. ते चूकही नाही, कारण शेकडो यंत्रांचं ऑफिस कुणीतरी सांभाळायलाच हवं. फरक इतकाच की जुन्या ऑपरेटरला सगळं गाव ओळखायचं आणि तिची तक्रार करता यायची. स्विचच्या मागे कोण बसलंय हे मात्र ऑफिसातल्या बहुतेकांना माहीतही नसतं.

त्यात आपल्याकडे एक खास सवय. स्विच बसवून देणारा येतो, चालू करतो, निघून जातो. कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच राहतो. नाहीतर पासवर्ड फक्त त्या एकट्यालाच माहीत असतो आणि दोन वर्षांनी त्याचा नंबर लागत नाही. मुलुंडचा एखादा दवाखाना असो की अंधेरीची पन्नास माणसांची कंपनी, अनेक ठिकाणी हीच परिस्थिती. लाखभर रुपयांचं कुलूप बसवायचं आणि किल्ली दारातल्या कुंडीखाली ठेवायची, असला हा प्रकार.

म्हणून तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, दुकानात असा डबा असेल तर तीन साधे प्रश्न विचारा. याचा पासवर्ड कंपनीतून आला तोच आहे का? तो कोणाकोणाला माहीत आहे? आणि कोणी काय बदललं याची नोंद राहते का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर नाका सुरक्षित हातात आहे असं समजायला हरकत नाही. सोसायटीच्या कमिटीत हे प्रश्न विचारताना लाजू नका. विचारणारा संशयी ठरतो खरा, पण स्ट्रोजरही संशयीच होता.

फक्त त्याच्याकडून आणखी एक धडा घ्यायचा, त्या तिसऱ्या कथेतला. कुणावर आळ घेण्याआधी तार तपासा. त्या ऑपरेटरचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. तिने खरंच फोन पळवले की वाऱ्यावर हलणाऱ्या पाटीचा दोष तिच्या माथी बसला, हे सांगायला ती कधी समोर आली नाही. तिची बाजू कोणी विचारलीच नाही. तिच्यासारख्या हजारो मुलींचं काम मात्र त्या यंत्राने हळूहळू संपवलं.

पुढच्या वेळी ऑफिसात नेट गेलं आणि आयटीवाला त्या थंड खोलीकडे पळाला की त्याच्यावर ओरडण्याआधी जरा थांबा. बहुतेक वेळा तो आधी केबल हलवून बघतो. कॅन्सस सिटीतल्या त्या दुकानात कुणीतरी हे जरा आधी केलं असतं, तर कदाचित स्विच जन्मायला आणखी काही वर्षं गेली असती.